सत्ताविसावा प्रश्न

पणजोबा बंदरावर जहाजांची झडती घेत. आजोबांनी सीमेवरच्या नाक्यावर तीस वर्षे ट्रकांच्या ताडपत्र्या उचलून पाहिल्या. वडील केंद्रीय अमली पदार्थ विभागात तपास अधिकारी झाले आणि एका गोदामावरच्या छाप्यात गेले. आता त्याच विभागाचा चाळीस पानी अर्ज पुढ्यात घेऊन त्यांची एकुलती एक मुलगी सत्ताविसाव्या प्रश्नापाशी अडली होती.

समोर काका बसले होते. रक्ताचे नव्हेत, वडिलांचे जोडीदार. चौदा वर्षांपूर्वी त्या गोदामात गोळी काकांच्या रोखाने आली होती. वडिलांनी त्यांना बाजूला ढकलले आणि ती स्वतःच्या छातीवर घेतली. तेव्हापासून या घरातला गळका नळ, शाळेतली पालकसभा, दुखणेखुपणे, सारे काकांनी अंगावर घेतले. कोणी आभार मानू लागले की ते एवढेच म्हणत, "माझा जीव या घराचा आहे. देणं आहे ते."

गेले वर्षभर ते रोज पहाटे मैदानावर शिट्टी घेऊन उभे राहत. ती पाच किलोमीटर धावून आली की विचारीत, "काय हवालदारीणबाई, सोडतेस?"

"का, तुम्ही दमलात वाटतं?" ती धापा टाकीत म्हणे.

रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर. संध्याकाळी ते तिच्या उत्तरपत्रिका लाल शाईने रंगवून काढीत; दयामाया नसे. लेखी परीक्षेत ती पहिली आली. मैदानी चाचणीत तिने मुलांनाही मागे टाकले. बातमी ऐकून आई इस्त्री करीतच राहिली.

"अगं, काहीतरी बोल ना!"

"काय बोलू? कॉलर जळेल."

आईचे असेच होते. या विषयावर तिने कधी होकार दिला नाही, की विरोधाचा शब्द काढला नाही.

सत्ताविसावा प्रश्न सरळ होता. आपण कधीही, एकदाही, अमली पदार्थाचे सेवन केले आहे काय?

"काका, एक सांगू? आईला कळता कामा नये."

"आधी सांग, मग ठरवू."

"वसतिगृहात, पहिल्या वर्षी. गांजाचे दोन झुरके. एकदाच. खोकून खोकून जीव जायची वेळ आली. पुन्हा शिवले नाही."

काका हसले नाहीत. त्यांनी पेनाचे टोपण काढले, पुन्हा लावले.

"कोणाला ठाऊक आहे?"

"जिने दिला ती केव्हाच परदेशी गेली. आता तुम्हाला."

"मग 'नाही' लिही."

"पण खाली ठळक छापलंय, माहिती दडवली तर..."

"त्या खात्यात सव्वीस वर्षं मी काढली की तू?" ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "विश्वास आहे ना माझ्यावर?"

हे काय विचारणे झाले? तिने रकान्यात 'नाही' लिहिले आणि पानाखाली सही ठोकली. शिफारस करणाऱ्याच्या जागी काकांनी सही केली. अक्षर जरा हलले.

"म्हातारे झालात, काका."

"झालो खरा."

मुलाखतीच्या दिवशी आई चपला घालून दारात उभी राहिली. "मी येते," म्हणाली. चौदा वर्षांत त्या इमारतीकडे तिने मान वळवून पाहिले नव्हते. मुलीला भरून आले. अखेर आई विरघळली, असे तिला वाटले. विभागाच्या लांबलचक व्हरांड्यातल्या बाकावर आई आणि काका शेजारी शेजारी बसले.

आत तिघांची समिती होती. अध्यक्षबाईंचे केस पांढरे होते, प्रश्न धारदार. जप्त मालाचे नमुने कसे घ्यायचे, पंच कोण असावेत, मोहर कोणासमोर लावायची. ती एकाही प्रश्नाला अडखळली नाही.

"तुझ्या वडिलांच्या हाताखाली मी शिकले," अध्यक्षबाई म्हणाल्या. "लेखी, मैदानी, तोंडी, तिन्हींत तू पहिली आहेस. तू आम्हाला हवी होतीस."

'होतीस' ऐकताच तिने चमकून वर पाहिले.

बाईंनी फाइलमधून एक पत्र काढले. "सत्ताविसावा प्रश्न. दोन झुरके आम्ही माफ केले असते, मुली. त्या वयात पाय घसरतात. दडवणं मात्र माफ होत नाही. या विभागात किंवा कोणत्याही केंद्रीय तपास खात्यात तुला पुन्हा अर्ज करता येणार नाही. कधीच."

पत्र तिच्याकडे वळवलेले होते. मजकूर वाचण्याची गरज पडली नाही. तिच्या उत्तरांवर वर्षभर फिरलेले अक्षर ती झोपेतही ओळखू शकली असती.

ती बाहेर आली तेव्हा काका उठून उभे होते. तिला शिव्या द्यायच्या होत्या, हंबरडा फोडायचा होता. तोंडातून एकच शब्द निघाला, "का?"

काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. चौदा वर्षांत तिने त्यांना रडताना पाहिले नव्हते.

आई पुढे आली. मुलीला तिने घट्ट कवेत धरले. पण बोलली ती तिच्या डोक्यावरून, काकांशी.

"भाऊजी, तुमच्या मांडीवर जीव सोडताना ह्यांनी एवढंच मागितलं होतं ना, पोरगी या खात्यात येता कामा नये? आज तुमचं देणं फिटलं."