राळेच्या पाच बाटल्या

पहिली बाटली कल्याणीने आधी खिडकीच्या उजेडात धरली, तिरपी केली, मग नाकाशी नेली आणि डोळे मिटले. डोळे मिटले की माणूस वास घेतोय असं दिसतं.

कल्याणीला वास येत नव्हता. दोन वर्षांपूर्वी ताप आला, आणि जाताना वास घेऊन गेला. लीड्सच्या अत्तरांच्या लॅबमध्ये तिने त्यानंतर दोनदा भलताच ड्रम भरला आणि कोणी विचारायच्या आत, कारण न सांगता राजीनामा दिला. आज मेडनहेडची ही नोकरी मिळाली तर ती परत तिच्या राळांमध्ये, सुगंधी डिंकांच्या अर्कांमध्ये जाणार होती. दुसरं काही तिला येतही नव्हतं आणि आवडतही नव्हतं. नाही मिळाली तर सोमवारपासून मामांच्या ड्रायव्हिंग स्कूलचे फोन घ्यायचे होते. मामांनी हेडसेट आणूनही ठेवला होता.

पण तयारी चोख होती. धाकट्या भावाने, प्रबुद्धने, कार्डं बनवली होती. एका बाजूला रंग, दाटपणा, चिकटपणा, आणि मागे राळेचं नाव. लेस्टरच्या घरी किचनमध्ये तीन वीकएन्ड त्याने तिची परीक्षा घेतली. नाकाचं खरं काय ते फक्त त्यालाच माहीत होतं. "ताई, तुझं फक्त नाक गेलंय," तो म्हणाला होता. "डोळे वर्क करतात ना? मग चिल."

"लॅब्डॅनम," कल्याणी आता म्हणाली. काळपट अर्क काचेवरून काकवीसारखा सावकाश उतरत होता. "चामडं, ऊन, मागून थोडा मध. स्पेनचा असावा." बहुतेक तिथूनच येतो.

समोर कंपनीचे मालक शशिधर बसले होते. साठी उलटलेली, कार्डिगनची सगळी बटणं लावलेली. तिच्या नावावरून त्यांनी आल्याआल्याच मराठीत बोलणं सुरू केलं होतं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि उसासा टाकला.

कल्याणीला तो उसासा कौतुकाचा वाटला.

दुसरी आणि तिसरी बाटलीही तिने बरोबर ओळखली. चौथीला तिने सोबत एक आठवणही दिली, बालपणीची, जागेवर रचलेली. शशिधरांचे उसासे लांबत चालले होते.

मध्येच त्यांनी सर्दीची चौकशी केली. वरचेवर होते का? परागकणांचा हे-फीव्हर? सायनस? कल्याणीने प्रत्येकाला ठामपणे नाही म्हटलं.

"जूनमध्येसुद्धा नाही?" त्यांनी खुर्ची पुढे ओढून विचारलं. "इंग्लंडमध्ये राहून?"

कल्याणीने सांगितलं की आईने कसली भाजी केलीय ते तिला बस स्टॉपवरच कळतं. शशिधर पुन्हा मागे टेकले.

पाचवी बाटली पातळ आणि फिकट होती. कल्याणीने ती नाकाशी नेता नेता सहज हलवली. फेस दोन क्षण जास्त टिकला.

"लोबानाचं तेल," ती म्हणाली. "पण प्युअर नाही, सर. कोणीतरी यात स्वस्त तेल घातलंय."

शशिधरांनी पेन खाली ठेवलं. हे त्यांच्या केमिस्टलाही कळलं नव्हतं, म्हणाले. मग वही मिटली. तीस वर्षांत इतकं तिखट नाक आपण पाहिलं नाही, असं त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं. कल्याणीने मनातल्या मनात मामांचा हेडसेट परत पाठवला.

"म्हणूनच तुला घेता येणार नाही," ते म्हणाले.

त्यांच्याकडे सात राळांचं एक मिश्रण होतं. कंपनी त्यावरच उभी होती. मशीनला त्याचं प्रमाण नीटसं काढता येत नाही, पण चांगल्या नाकाला येतं. मागच्या तिन्ही असिस्टंटांनी सहा-सहा महिने ते ढवळलं, नाकात भरून घेतलं आणि बाहेर पडून आपापली अत्तरं काढली.

"ते ढवळायला मला असं कोणीतरी हवंय, ज्याला वासच येत नाही," शशिधर म्हणाले. "आता हे जाहिरातीत कसं लिहिणार?"

मग कल्याणीने सगळं सांगून टाकलं. ताप, दोन ड्रम, राजीनामा, प्रबुद्धची कार्डं, फेस, आणि बस स्टॉपवर तिला फक्त बस कळते हेही.

शशिधरांनी चष्मा काढून पुसला.

"नाक दांडगं आहे तुझं," ते म्हणाले. "पण नोकरीसाठी इतकं खोटं बोलशील असं वाटलं नव्हतं."