उजवा कान

नगरपालिकेच्या आवारात दोन गायी बांधल्या होत्या, एक बहिणीची, एक भावाची, आणि ती दोघं भावंडं एकमेकांकडे पाठ करून उभी होती. गायरानाच्या हक्काची वारसनोंद चालू होती. नियम जुनाच : वारसाने घराची खूण कानावर असलेलं एक जनावर आणून दाखवायचं, की वडिलांच्या जागी त्याचं नाव लागलं. मुलींनाही हक्क, ही ओळ तेवढी यंदाची.

"कानामागून आली आणि तिखट झाली," अध्यक्ष कारकुनाला म्हणाले, तिला ऐकू जाईल अशा बेताने. "एका घराचं एकच नाव. खूण दोघांकडे निघाली तर मुलाचं लिहायचं."

अध्यक्षांना भावाचा एवढा पुळका का, हे तिला ठाऊक होतं. भाऊ पंधरा वर्षं परगावी राहत होता. हक्क मिळाला की तो अध्यक्षांच्या कळपाला वापरायला देणार आणि आल्या वाटेने परत जाणार. मग तिच्या चार गायींनी खायचं काय? दावणीला बांधून पोसायची तिची ऐपत नव्हती. म्हणून आठवड्यापूर्वी त्याने खुणेची एक गाय मागितली तेव्हा तिने दार लावून घेतलं होतं. पठ्ठ्याने काल बाजारातून नवी आणली.

कारकून पाहणीला उठला. तिच्या गायीच्या उजव्या कानाला दोन खाचा, वडिलांनी घातलेल्या, कधीच्या भरून आलेल्या. भावाच्या गायीच्याही कानाला दोन खाचा होत्या, पण आज सकाळच्या. रक्त अजून ओलं होतं. गाय सारखी मान झटकत होती, माश्या काही हटत नव्हत्या. बहिणीचा संताप संताप झाला. आणि मग तिच्या लक्षात आलं, कान डावा होता.

गायीच्या तोंडासमोर उभा राहिला असणार शहाणा, आणि आपल्या उजव्या हाताशी आला तोच उजवा कान समजून सुरी चालवली असणार.



"खूण कुणी घातली?" कारकुनाने विचारलं.

"मी स्वतः," भाऊ म्हणाला आणि त्याने वहीत तशी सही ठोकली.

"डाव्या कानाला दोन खाचा ही आमची खूण नाही," सही झाल्यावर ती म्हणाली. "ती अध्यक्षांच्या घरची."

अध्यक्षांनी हात उडवला. "डावा काय, उजवा काय. कान तो कान."

एवढं मात्र त्यांनी बोलायला नको होतं. सकाळपासून तिच्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघणारे बाकीचे हक्कदार बाकांवरून उठले.

"असं धरलं तर माझ्या निम्म्या म्हशी उद्या शेजाऱ्याच्या गोठ्यात जातील," त्यांच्यातला म्हातारा म्हणाला. "ही बाई आम्हालाही नकोच आहे. पण नाव तिचं लिहा."

कारकुनाने लिहिलं. तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

तेवढ्यात अध्यक्षांचा गुराखी कळप घेऊन फाटकाशी आला. त्याने आत येऊन भावाच्या गायीचा कान पाहिला, दावं सोडलं आणि आपल्या मालकाची समजून तिला कळपात हाकललं. अध्यक्षांनी ते पाहिलं आणि कागद चाळायला घेतले.

भाऊ धावत बहिणीकडे आला. "ताई, गाय माझी आहे म्हणून तू तरी सांग ना."

"उद्या सांगते," आपल्या गायीचं दावं सोडत ती म्हणाली. "आज राहू दे तिला तिथेच. जखमेला औषध तरी लावतील."