कालिम्पोंगचं झाड

आणखी एक पान गेलं होतं. शिरा तेवढ्या हिरव्या, मधलं सगळं पिवळं. लुसीने घराकडे नजर टाकली, पान खुडलं आणि गाऊनच्या खिशात घातलं. खिशात सकाळची पानं होतीच.

आत तिची सून बॅग भरत होती. अनुपा कालिम्पोंगला आईकडे चालली होती, संध्याकाळी रिक्षा यायची होती. हॉस्पिटलातून महिन्याची रजा मिळालीय, असं ती म्हणाली होती. परतीच्या तिकिटाचं कोणी काही बोलत नव्हतं. मुलाला, स्टॅनीला विचारावं तर तो म्हणायचा, "बघू गं मम्मी." या 'बघू'ने लुसीची झोप उडवली होती.

हे झाड अनुपाने लग्नानंतर इथे उमेळ्याला येताना मांडीवर धरून आणलं होतं. ऱ्होडोडेंड्रॉन. ती त्याला गुरांस म्हणायची. तिच्या डोंगरात म्हणे त्याला लालभडक फुलं येतात. इथे कळीसुद्धा धरली नव्हती. पण लुसीने मनाशी ठरवून टाकलं होतं, झाड रुजलं तर पोर रुजली. आणि झाड रोज थोडं थोडं जात होतं.

ती न्हाणीच्या चुलीकडे गेली, परत आली, पुन्हा गेली.

"किती फेऱ्या मारशील?" ओट्यावरून तिच्या नवऱ्याने, सॅन्टनने पेपर खाली केला. "झाड काय पळून चाललंय?"

"झाड नाही," लुसी म्हणाली.

सॅन्टनने पेपर पुन्हा वर केला.

तिने करवंटीत राख भरून आणली. झावळ्यांची, चाळलेली, मऊ. वाडीतली केळी, अळू, दुधी, सगळं याच राखेवर वाढलं होतं. एवढंसं झाड कशाला नाही म्हणेल? ती बुडाशी बसली आणि मूठ मूठ पसरू लागली.

"घे रे बाबा. आजचा दिवस तरी नीट उभा राहा. ती जाताना बघणार आहे."

"मम्मी."

अनुपा मागे उभी होती, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून. लुसीने करवंटी पाठीमागे घेतली.

"राख आहे ना?"

"थोडीशीच."

"माहीत आहे. ड्यूटीवरून आले की मी रोज काढते." अनुपा खाली बसली. बोटांनी वरचा थर अलगद खरवडून तिने केळीच्या आळ्यात टाकला. हाताला सवय होती. "याला आंबट माती लागते. राखेने पिवळं पडतं."

"मग बोलली का नाहीस इतके दिवस?"

"कसं बोलणार? तुम्ही राख घालताना त्याच्याशी गप्पा मारता." अनुपा हसली. "मला खिडकीतून ऐकू येतं."

लुसीने खिशातली पानं काढून तिच्यापुढे ठेवली. आता लपवून काय उपयोग?

"म्हणजे मीच मारलं त्याला."

"नाही हो. राख नसती तरी गेलं असतं, थोडं उशिरा. इथे फार गरम होतं त्याला. मी आईला तेव्हाच सांगितलं होतं. तिने ऐकलं नाही. घेऊनच जा म्हणाली."

लुसी उठली. दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला लागली, दोन काढले आणि तिथेच थांबली.

"येताना दुसरं आण."

"तेही मरेल, मम्मी."

"मरू दे. तू आण."

अनुपाने वाडीभर नजर फिरवली, कुंपणापलीकडे नव्या बिल्डिंगच्या भिंतीवर तापलेलं ऊन बघितलं.

"मग खड्डा फणसाखाली करा. सावलीत टिकलं तर टिकेल," असं म्हणून ती बॅग बंद करायला आत गेली.

लुसीने कपडे तसेच सॅन्टनच्या मांडीवर टाकले आणि कुदळ घेतली. पहिलाच घाव फणसाच्या मुळावर बसला. ती वीतभर बाजूला सरकली आणि पुन्हा खणू लागली.

"अगं, ती अजून घरातून निघालीसुद्धा नाही," सॅन्टन म्हणाला.

"म्हणून तर. जाताना तिला खड्डा दिसला पाहिजे."