बहिणीच्या कानातला आवाज

बहिणीला येणारा आवाज दुसऱ्या कोणालाच ऐकू येत नसे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, नातेवाइकांनी हळूच काढता पाय घेतला. उरला एकटा भाऊ. यंत्रांवर संगीत रचणं हे त्याचं काम. तो म्हणाला, "तू सांगत जा, मी तसाच वाजवतो. तुला काय होतं ते निदान मला तरी कळेल."

त्याने फ्रिजची घरघर टेपवर घेतली, तिचा वेग कमी केला, काचेवर घासलेल्या चमच्याचा सूर तिच्यात मिसळला. बहीण शेजारी बसून सांगे, "अजून खाली. आणि जरा ओला."

"ओला म्हणजे काय गं? टॉवेल आणू का?"

कित्येक महिन्यांनी ती हसली. मग म्हणाली, "आणि दादा, तो मधेच श्वास घेतो."

तेवढं मात्र त्याने मनावर घेतलं नाही. यंत्राच्या आवाजाला कसला आलाय श्वास?

एका दुपारी त्याने बटण किंचित फिरवलं आणि तिने त्याचा हात धरला.

"हाच." तिचे खांदे सैल पडले. "दादा, माझ्या कानातला थांबला."

त्याला भरून आलं. त्याने स्पीकर बंद केले. आवाज चालूच राहिला. त्याने प्लग काढला, एकेक वायर सोडवली. घरघर तशीच होती, खालची, ओली.

मग त्या आवाजाने मधेच श्वास घेतला.

"हा आवाज कुठून येतोय?" त्याने विचारलं.

बहिणीने त्याच्याकडे पाहिलं. इतके दिवस तो तिच्याकडे पाहत आला होता अगदी तसंच, मायेने, जपून.

"कुठला आवाज, दादा?"