देवाची मूठ

सारजाबाईने परातीत पीठ ओतलं. परातीचा तळसुद्धा झाकला नाही. त्यातलीच एक मूठ भरून तिने चुलीशेजारच्या मडक्यात टाकली, डोळे मिटून ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटली आणि मगच दारात उभ्या अनुग्रहाकडे वळली.

"सलाम, बाई. आत या की. मूठ काढत हुते, म्हनून बोलले न्हाय."

भाकरीच्या पिठातली पहिली मूठ देवाची, हे चाळीतल्या ख्रिस्ती बायकांना अनुग्रहानेच शिकवलं होतं. ती इथल्या चर्चच्या पाळकाची बायको, त्यात कॉलेजात शिकलेली. तिचा शब्द बायका खाली पडू देत नसत. दर शुक्रवारी आपापली मडकी घेऊन त्या देवळात येत आणि तिच्यासमोर रिकामी करत. सारजाबाई मात्र अलीकडे दिसली नव्हती. म्हणून तान्ह्या बाळाला शेजारणीकडे ठेवून अनुग्रहा आज स्वतःच आली होती.

"पोरीला टाकून कशी येऊ?" सारजाबाई म्हणाली.

वाकळेवर राहेल पडली होती. पोरीचे डोळे तेवढे मोठे, बाकी सगळं आटलेलं. गिरणीचा संप लांबला होता. भोंगा कसा वाजतो हेही चाळ विसरत चालली होती.

भिंतीला टेकून बसलेल्या सासूने, गोजाबाईने, परात पुढ्यात ओढली आणि एका डब्यातलं तांबूस पीठ तिच्यात मिसळायला घेतलं.

"हे कसलं, गोजाबाई?"

"चिंचोक्याचं. आमच्या पोटाला चालतंय. पोरीला सोसत न्हाय, पर करता काय?"

अनुग्रहाने राहेलच्या कपाळावर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. "सारजाबाई, आजची मूठ परत घ्या."

सारजाबाई हसली. "थट्टा करता व्हय गरिबाची?"

"खरंच सांगते. संप मिटेपर्यंत मूठ काढू नका. देव समजून घेतो."

"तुमीच सांगितलं हुतं की. बायबलातल्या त्या इधवेनं आदी देवाच्या मानसाला भाकर दिली, आन साऱ्या दुष्काळात तिच्या मडक्यातलं पीठ सरलं न्हाय." सारजाबाईने देवाच्या मडक्यावरचं झाकण काढलं. "माजं बी न्हाय सरलं. बगा."

मडकं काठोकाठ भरलं होतं. पांढरंशुभ्र, चाळलेलं, निव्वळ जोंधळ्याचं पीठ. वर शीग आली होती. झाकण नीट बसावं म्हणून सारजाबाईने ती तळहाताने हळूच दाबली.

अनुग्रहाने मडक्याकडे बोट केलं. "मग यातलंच काढा. राहेलला पातळ आंबील करून घाला. मी सांगते ना!"

"काढ की गं," गोजाबाई परातीतून मान वर न करता म्हणाली. "पाळकीनबाई सवता सांगत्यात. न्हायतरी त्ये कुनाच्या चुलीवर जातंय, आमाला ठावं न्हाय व्हय?"

गोजाबाई खोटं बोलत नव्हती. देवळात जमलेलं पीठ पाळकाच्या घरी येई, आणि ते चाळून डब्यात भरणारी अनुग्रहाच.

"आत्याबाई, गप ऱ्हावा!" सारजाबाईने झाकण खाली ठेवून मडकं पोटाशी ओढलं. "बाई, हिच्या पाठचा तापानं पडला हुता, तवा चूल पेटली न्हाय, मूठ चुकली. त्याच राती त्यो गेला. आता तुमी शिकल्याल्या. मूठ माघारी घेतली तर हिला काय हुनार न्हाय, असं देवाच्या नावानं सांगता का? सांगा, ह्ये समदं मडकं चुलीवर चढवते."

अनुग्रहाने तोंड उघडलं.

सकाळी तिचं बाळ खोकलं होतं. भाकरीचं पीठ मळायला घेताना तिने नवऱ्याकडे पाठ केली होती, आणि एकीऐवजी देवाच्या दोन मुठी काढल्या होत्या.

"सांगा की, बाई."

तिने तोंड मिटलं.

राहेल वाकळेवरून सरकत आली. आईचा हात तिने दोन्ही हातांनी धरला आणि तळव्याला चिकटलेलं पीठ चाटू लागली. सारजाबाईने हात हिसकून घेतला. मडक्यावर धरून बोटं एकेक करून झटकली, तळवा काठावर निपटला, झाकण बसवलं आणि मडकं अनुग्रहापुढे केलं.

"घ्या," ती म्हणाली. "आता मूठ पुरी झाली."