नळीभोवतीचा मळ

वॉर्डातल्या शांततेत डब्याचं झाकण खणकन पडलं. उर्वीनं दचकून मान वळवली आणि तिच्या आईला, शर्वाणीला, लेकीच्या मानेत लावलेल्या सलाईनच्या नळीभोवती साचलेला मळ दिसला. चार दिवसांचा!

माणसाच्या हातांमुळे जंतू पसरतात, म्हणून आता रुग्णांना यंत्रच पुसायचं. नळी आली की ते तेवढी जागा सोडून पुढे सरकायचं आणि वर 'स्नान पूर्ण' अशी नोंद करायचं.

"सिस्टर, पोर तापानं फणफणलीय. बघा तरी!"

"नोंद बरोबर आहे, ताई."

"मग नोंदीलाच घाला आंघोळ!" शर्वाणीनं औषधाचा ओला रुमाल उचलला आणि लेकीची मान अलगद पुसली. लगेच भोंगा वाजला. रुग्णाला हात लावल्याबद्दल तिला वॉर्डबंदी झाली.

उर्वीनं तिची ओढणी घट्ट धरली. "आई, उद्या मला कोण पुसणार?"