शाहिदचा फोन

ऐरोलीच्या ऑफिसात कुणी नोकरी सोडली की त्याच्या मोबाइलवरचा ऑफिसचा मेल रणजीत बंद करायचा. तिथलाच शाहिद पुलावरच्या अपघातात गेला, तरी त्याच्या फोनवर रोजचे मेल वाचले जात होते. रणजीतने त्याच्या बायकोला, समराला, बोलावून घेतलं.

"भाभी, फोन कोण वापरतंय?"

समराने पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढून टेबलावर सोडली. आत नुसता काचेचा चुरा आणि वाकलेला पत्रा. "पोलिसांनी असाच दिला, भाऊ."

रणजीतच्या कॉम्प्युटरवर शाहिदच्या नावापुढे हिरवा ठिपका लागला. फोन सुरू.

त्याने घाईघाईने 'बंद' दाबलं. ठिपका विझला.

त्याआधी सुटलेला शाहिदचा एक मेल मात्र पोचला: "रणजीत, एवढं चालू ठेव. इकडे दुसरं काहीच नाही रे."